पिशवीला पडलेले भोक

रमजान ईद होऊन दोन महिने झाले होते. शीरखुर्म्यासाठी आणलेल्या सुक्या मेव्यातले मूठभर खजूर, थोडी चारोळी आणि अर्धा पाव अक्रोड उरले होते. अम्मींनी ते सगळे एका पॉलिथिनच्या पिशवीत घातले, वरून घट्ट गाठ मारली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. बकरी ईदच्या आधीची साफसफाई निघाली तेव्हा ती पिशवी खाली आली. आत जाळीच जाळी! अक्रोड कोळिष्टकात गुंडाळल्यासारखे झालेले, खजुरांवर पांढुरक्या अळ्या वळवळणाऱ्या आणि पिशवीला बारीक बारीक सहा-सात भोके.

मेवा गेल्याची हळहळ आम्ही करत होतो, पण आमचा नववीतला पुतण्या त्या भोकांकडेच पाहत राहिला. "दादी, ही प्लास्टिक खाणारी अळी आहे. मोबाइलवर व्हिडिओ आलाय. आता कचऱ्याचं टेन्शन संपलं!"

अम्मींनी पिशवी उजेडात धरून पाहिली. "खाल्लं कुठे रे? कुरतडलंय. उंदीर दाराचं लाकूड कुरतडतो, म्हणून तो लाकूड खाऊन जगतो का?"

अम्मी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण वाचकहो, गेली दहा-बारा वर्षे चीन, अमेरिका, स्पेन, जर्मनी आणि केनियातल्या प्रयोगशाळांमध्ये नेमका हाच वाद चालू आहे. किडा प्लास्टिकला भोक पाडतो, यात कुणालाच शंका नाही. पण ते त्याच्या पोटात जाऊन पचते का? आणि पचत असेल तर पचवतो कोण? तो विषय आम्ही थोडा खोलात जाऊन वाचला. त्याला कारणही घरातच होते. आमच्या चुलतबहिणीच्या मुलीचा निकाह पुढच्या महिन्यात होता, वलीम्याला पाचशे माणूस आणि थर्माकोलच्या प्लेटा आणायच्या की नाहीत यावर घरात दोन तट पडले होते. एका तटाचा आधार तोच व्हिडिओ होता.

आधी पचन म्हणजे काय ते पाहू. आपण भाकरी खातो. भाकरीतला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ. तसबीहचे मणी जसे एका दोऱ्यात ओवलेले असतात, तसे ते कण एकमेकांना जोडलेले असतात. भाकरी नुसती चावल्याने माळेचे तुकडे होतात, मणी सुटत नाहीत. मणी सोडवण्याचे काम लाळेतली आणि आतड्यातली एन्झाइम करतात. मण्यांमधला दोरा नेमक्या जागी कापणारी कात्री म्हणजे एन्झाइम. एकेक मणी सुटला की मगच तो रक्तात जातो आणि त्यातून ताकद मिळते.

गवत हीसुद्धा साखरेच्या कणांचीच माळ आहे, पण तिची गाठ वेगळी. ती कापणारी कात्री आपल्याकडे नाही आणि गंमत म्हणजे बकऱ्याकडेही नाही. कुर्बानीच्या दिवशी ज्या बायकांनी वजडी साफ केली आहे त्यांना आत काय असते ते ठाऊक आहे. हिरवट, अर्धवट भिजलेला, आंबूस वासाचा चारा. त्या चाऱ्याच्या प्रत्येक थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात आणि गवत पचवण्याचे काम ते करतात. बकरा गवत आणून देतो, चावतो, ऊब देतो. स्वयंपाक जिवाणू करतात आणि दोघेही जेवतात. वाळवीचेही तसेच आहे. लाकूड पोखरते वाळवी, पण ते पचवण्यात तिच्या आतड्यातल्या सूक्ष्म जीवांचा मोठा हात असतो.

म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष किड्यांच्या आतड्याकडे गेले. जंगलातले लाकूड पचवणारे जिवाणू जर किड्याच्या पोटात सापडतात, तर प्लास्टिकची माळ तोडणारेही कदाचित तिथेच कुठे सापडतील, असा तो हिशेब.

प्लास्टिकही माळच आहे. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, नाहीतर पुढचे सगळे गोंधळाचे होते. सगळ्या प्लास्टिकचा दोरा सारखा नसतो. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, ज्याला पेट म्हणतात, त्याच्या माळेत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचे जोड असतात. तिथे कात्री लावायला जागा मिळते. किराणाच्या पिशवीचे पॉलिथिन आणि प्लेटांचे थर्माकोल यांच्या माळेत मात्र कार्बनला कार्बन चिकटलेला, शेवटपर्यंत. कात्रीला धरायला कड नाही. म्हणून पिशवी आणि प्लेट ही दोन्ही पचवायला सगळ्यांत अवघड.

आता आमच्या मेव्यातल्या अळीकडे येऊ. तिचे पाखरू तुम्ही स्वयंपाकघरात पाहिले असेल. पंखांचा पुढचा भाग करडा, मागचा तांबूस. इंग्रजीत तिला इंडियन मीलमॉथ म्हणतात, पण तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणत आणि त्या पिठात ती सापडली म्हणून हे नाव पडले. उगाच आपली बदनामी!

बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातील जुन यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अळीच्या आतड्यातून दोन जिवाणू वेगळे काढले आणि त्यांना पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याबरोबर ठेवले. दुसरे खायला काही दिले नाही. साठ दिवसांनी एका जिवाणूने सुमारे ६ टक्के आणि दुसऱ्याने सुमारे ११ टक्के पॉलिथिन कमी केल्याचे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे दोन महिन्यांत शंभरातले दहाच भाग. पण जे प्लास्टिक जमिनीत वर्षानुवर्षे तसेच पडून राहते असे सगळे धरून चालले होते, त्याला एका घरगुती किड्याच्या पोटातल्या जिवाणूने हात लावला, हीच बातमी होती.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वेई-मिन वू यांच्याबरोबर, थर्माकोलवर काम केले. या वेळी अळी दुसरी होती. मीलवर्म, म्हणजे एका काळपट भुंग्याची पिवळी, कडक पाठीची अळी. पक्ष्यांचे आणि शोभेच्या माशांचे खाद्य म्हणून ती पाळली जाते. शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खात होत्या. नुसत्या थर्माकोलवर ठेवलेल्या अळ्या महिनाभर कोंड्यावर ठेवलेल्या अळ्यांइतक्याच जगल्या.

पण खाल्ले म्हणजे पचले नव्हे, हे अम्मींचे म्हणणे त्यांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. एक, थर्माकोलमधला कार्बन जातो कुठे? हिशेब केला तेव्हा खाल्लेल्या कार्बनपैकी जवळजवळ ४८ टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडला, ४९ टक्क्यांच्या आसपास विष्ठेतून गेला आणि अंगाला लागला तो अर्धा टक्का. दुसरी तपासणी त्याहून पक्की. त्यांनी जड कार्बनची खूण असलेले थर्माकोल बनवून अळ्यांना खायला घातले. खूण लावलेली नोट बाजारात सोडून ती कुणाच्या गल्ल्यात निघते ते पाहावे, तसे हे. तो खुणेचा कार्बन अळीने सोडलेल्या हवेत सापडला आणि अळीच्या अंगातल्या चरबीतही सापडला. चुकून दुसरीकडून आला असे म्हणायला जागा राहिली नाही.

तिसरी तपासणी आम्हाला सगळ्यांत आवडली. अळ्यांना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिले. आतड्यातले जिवाणू मेले. अळ्या जिवंत होत्या, दात शाबूत होते, थर्माकोल समोर होते. पण आता पोटात गेलेले थर्माकोल तुटेना. माळ आत गेली तशीच लांबच्या लांब बाहेर आली. म्हणजे बकऱ्याचीच गोष्ट: चावणारा एक आणि पचवणारा दुसरा. त्या आतड्यातून त्यांनी एक्झिग्युओबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणूही वेगळा काढला. पण आतड्याबाहेर, काचेच्या भांड्यात, त्याला एकट्याला थर्माकोल दिले तर साठ दिवसांत त्याने जेमतेम साडेसात टक्के कमी केले. अळीच्या पोटात हेच काम एका दिवसाच्या आत होत होते. अळीचे बारीक चावणे, आतड्यातली ओल, इतर जिवाणूंची सोबत, असे सगळे मिळून ते काम चालते. एकाला घरातून उचलून दुसरीकडे नेले की त्याचा हात चालत नाही.

इथपर्यंत वाचून आमचा पुतण्या आम्हाला जिंकल्यासारखा पाहू लागला. मग आम्ही त्याला वही-पेन दिले.

थर्माकोलची एक प्लेट पाच ग्रॅमची धरू. शंभर अळ्या दिवसाला जास्तीत जास्त ३९ मिलिग्रॅम खातात. एक प्लेट संपवायला शंभर अळ्यांना किती दिवस? त्याने भागाकार केला: १२८ दिवस. चार महिन्यांहून जास्त. आता वलीम्याच्या पाचशे प्लेटा, म्हणजे अडीच किलो. त्या एका महिन्यात संपवायच्या तर? २ लाख १४ हजार अळ्या. पुरती वाढलेली एक अळी साधारण दहाव्या हिश्श्याच्या ग्रॅमची धरली, तरी अडीच किलो कचऱ्यासाठी वीस किलोंवर अळ्या पाळाव्या लागतील. त्यांना पाणी लागेल, जागा लागेल. मध्येच त्यातल्या काही कोषात जातील आणि खाणे बंद करतील. आणि वरच्या हिशेबाप्रमाणे खाल्लेल्यापैकी निम्मे विष्ठेतून पुन्हा बाहेर येणार, ते साफ करणारा कुणीतरी लागणार. "एका दावतीला?" असे विचारून पुतण्याने वही मिटली.

ही झाली थर्माकोलची गोष्ट, आणि ती बरीचशी भक्कम आहे. पिशवीची गोष्ट तेवढी सरळ नाही.

व्हिडिओत जी अळी होती ती मेणअळी. मधमाश्या पाळणाऱ्यांची ही वैरीण. पोळ्यात शिरून मेण पोखरते, पोळ्याला जाळी धरते. स्पेनमधल्या सांतांदेर गावी फेदेरिका बेर्तोकिनी या जीवशास्त्रज्ञ हौसेने मधमाश्याही पाळायच्या. एकदा मधपेट्या साफ करताना त्यांनी काढलेल्या अळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवल्या. थोड्या वेळाने पाहतात तो पिशवीला भोके आणि अळ्या मोकळ्या. अम्मींच्या अक्रोडासारखेच झाले, पण तिथे घरात शास्त्रज्ञ होती! केंब्रिज विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रयोग केला. दुकानातल्या पिशवीवर शंभर अळ्या सोडल्या, तर चाळीस मिनिटांत भोके दिसू लागली आणि बारा तासांत पिशवीचे वजन ९२ मिलिग्रॅमने घटले. मीलवर्मच्या मानाने हा वेग अफाट होता. २०१७ साली ही बातमी जगभर गाजली. मेणाची माळ आणि पॉलिथिनची माळ यांत बरेच साम्य आहे, मग मेण पचवणारी अळी पॉलिथिन पचवील, हे ऐकायलाही पटणारे होते.

पण भोक अळीने चावून पाडले की पचवून? चावण्याची शंका काढून टाकण्यासाठी त्यांनी अळ्या वाटून तो लगदा पिशवीवर फासला आणि तरीही प्लास्टिक बदलल्याच्या रासायनिक खुणा मिळाल्या, असे लिहिले. काही महिन्यांतच जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी याला जाहीर उत्तर दिले. त्यांनी अळ्यांऐवजी अंड्याचा बलक आणि मांसाचा खिमा प्लास्टिकवर फासला. खुणा जवळजवळ त्याच आल्या! म्हणजे त्या खुणा तुटलेल्या प्लास्टिकच्या असतील असे नाही, पिशवीला चिकटलेल्या चरबीच्या आणि प्रथिनांच्याही असू शकतात. आम्ही हे अम्मींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "खिम्याची पिशवी नीट धुतली नाही तर वास राहतोच की."

बेर्तोकिनींनी हार मानली नाही. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने नवा दावा केला. काम आतड्यातल्या जिवाणूंचे नसून अळीच्या लाळेतल्या दोन एन्झाइमांचे आहे, ती साध्या पाण्यात, साध्या उष्णतेत काही तासांत पॉलिथिनची माळ तोडायला सुरुवात करतात, असे त्यांचे म्हणणे. त्यातल्या एकाचे नाव सेरेस. पुन्हा जगभर मथळे. मग २०२४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सेरेस स्वतः तयार करून तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले. वेगवेगळ्या परिस्थितीत, वेगवेगळ्या प्रकारच्या प्लास्टिकवर. त्यांना प्लास्टिक तुटल्याचा काहीच पुरावा मिळाला नाही आणि पहिल्या प्रयोगात अर्थ लावताना कुठे चूक झाली असावी तेही त्यांनी दाखवून दिले.

काही वाचकांना वाटेल, हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे. आम्हाला तसे वाटत नाही. एकाने सांगितले आणि दुसऱ्याने "करून दाखव" म्हटले, हीच या कामातली इमानदारी. फसवणूक असेल तर ती तिथे आहे जिथे २०१७ चा व्हिडिओ आजही फिरतो, पण त्याच्यावर आलेली हरकत कुणी पुढे पाठवत नाही. त्या चाळीस मिनिटांच्या भोकाने मामूंना पाचशे प्लेटांची ऑर्डर द्यायला हरकत वाटेना, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले.

खाणाऱ्या किड्याचे काय होते, हाही एक प्रश्न आहेच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०२२ मध्ये एका मोठ्या अळीवर, सुपरवर्मवर, प्रयोग झाला. काही अळ्यांना तीन आठवडे कोंडा, काहींना फक्त थर्माकोल, काहींना काहीच नाही. थर्माकोलवाल्या जगल्या आणि किंचित वाढल्याही, उपाशी अळ्यांपेक्षा त्यांची तब्येत बरी होती. पण कोंड्यावाल्यांच्या जवळपासही त्या नव्हत्या. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली आणि रोग करू शकणारे जिवाणू वाढले. दुष्काळात माणूस झाडपाला खाऊन तग धरतो, त्यातला हा प्रकार. त्याला जेवण म्हणता येत नाही.

शिवाय थर्माकोल म्हणजे नुसते थर्माकोल नसते. बांधकामात वापरायच्या थर्माकोलमध्ये आग लागू नये म्हणून एक विषारी रसायन घालत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाहिले की मीलवर्मने ते खाल्ले तर त्यातला सुमारे ९० टक्के भाग एका दिवसात विष्ठेतून बाहेर पडतो, अळीच्या अंगात साठत नाही. मग त्या अळ्या त्यांनी कोळंबीला खाऊ घातल्या, तर कोळंबीतही ते विष साठले नाही. बातमी चांगली आहे. पण विष नाहीसे झाले नाही, ते विष्ठेत आले. ती विष्ठा उचलून नीट ठेवायची जबाबदारी उरलीच.

नैरोबीच्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेत फातिया खमीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम आम्हाला या सगळ्यांत जास्त जवळचे वाटले. केनियाने २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर इतकी कडक बंदी घातली की दंडाबरोबर तुरुंगाचीही तरतूद केली. तिथे २०२४ मध्ये या गटाने आफ्रिकेतली लहान मीलवर्म थर्माकोल खाते असे दाखवले. चीन-अमेरिकेतून किडा न आणता आपल्याच मातीतला शोधला. नुसत्या थर्माकोलपेक्षा कोंडा मिसळून दिला तेव्हा अळ्या जास्त जगल्या आणि थर्माकोलही जास्त खाल्ले गेले. आतड्यातले जिवाणूही खाण्याप्रमाणे बदललेले दिसले.

या लहान मीलवर्मची एक जात आपल्या पोल्ट्रीवाल्यांना चांगली ठाऊक असेल. शेडच्या भुशात फिरणारा तो छोटा काळा भुंगा. थंड देशांत शेडच्या भिंतींना ऊब राहावी म्हणून थर्माकोलचे थर लावतात आणि या भुंग्याच्या अळ्या ते पोखरून नुकसान करतात, अशी तिथल्या पोल्ट्रीवाल्यांची फार जुनी तक्रार आहे. त्या कशासाठी पोखरतात? कोषात जायला सुरक्षित बीळ हवे म्हणून. म्हणजे पुन्हा आपण उंदरापाशीच आलो.

मग काहीच आशा नाही का? आहे, पण ती वेगळ्या प्लास्टिकपाशी. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या कचऱ्याजवळच्या मातीत एक जिवाणू सापडला, तो पेटचा पातळ पापुद्रा सहा आठवड्यांत संपवतो, हे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्या बाटल्यांच्या माळेत ऑक्सिजनचे जोड असतात, हे वर सांगितलेच आहे. पुढे फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दुसरे एक एन्झाइम सुधारून २०२० मध्ये दाखवले की ७२ अंश उष्णतेत दहा तासांत पेटचा ९० टक्के भाग मूळ मण्यांमध्ये सुटा होतो आणि त्यातून पुन्हा नवी बाटली करता येते. हे कारखान्यातले काम आहे, अळ्यांचे नाही.

आणि वजडीची गोष्ट इथेही परत येते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कत्तलखान्यातून गाईच्या पोटातला रस आणला आणि २०२१ मध्ये दाखवले की तो पेट आणि त्याच्यासारख्या जोडांचे आणखी दोन प्रकारचे प्लास्टिक थोडेफार तोडतो. पण किराणाच्या पिशवीचे पॉलिथिन त्या जातीचे नाही. म्हणूनच आपल्या रस्त्यांवरच्या गाईंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून पिशव्यांचे गोळेच्या गोळे, किलो-किलोने बाहेर काढावे लागतात. गवत पचवणारे कोट्यवधी जिवाणू त्या पिशव्यांच्या भोवती रात्रंदिवस असतात आणि पिशवीवरची दुकानाची छपाईही पुसली जात नाही.

एक सूचना, कारण आमच्या पुतण्याला हा मोह झाला होता: या अळ्या कचऱ्यात किंवा शेतात सोडू नका. मेणअळी मधपेट्या उद्ध्वस्त करते आणि मीलवर्म साठवलेल्या धान्याची कीड आहे. मेव्याच्या बाबतीत, आणल्याबरोबर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला तर आतली अंडी-अळ्या मरतात. नंतर काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पिशवीची गाठ या किड्याला अडवत नाही, हे आम्ही अक्रोडाची किंमत देऊन शिकलो.

वलीम्याचे म्हणाल तर, महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर २०१८ पासून बंदी आहे. तरी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या मिळतात आणि दावत संपली की हॉलच्या पाठीमागे त्यांचा ढीग पेटवला जातो. त्या काळ्या धुराची काजळी शेजारच्या घरांतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मामूंनी प्लेटा सांगितल्या होत्या, त्या रद्द केल्या. जमातीच्या भांड्यांत मोठे थाळ आहेत, चार-चार जणांना एक. ते आणायचे ठरले. थाळ घासायला दोन बाया लागतील, त्यांची मजुरी प्लेटांच्या किमतीपेक्षा थोडी जास्त पडते. ती कोण देणार यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी मुलीच्या नानांनी ती आपल्याकडे घेतली.

पुतण्याने मात्र आपला प्रयोग सोडला नाही. त्याने खराब मेव्यातल्या वीस अळ्या एका काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमलचे फडके बांधले आणि आत खायला काही न देता त्याच पिशवीची एक पट्टी टाकली. आठ दिवसांनी पट्टीला अकरा भोके होती. तो आनंदाने ओरडत बरणी घेऊन आला. अम्मींनी चष्मा लावून आत पाहिले. सात अळ्या पट्टीच्या घडीत जाळी विणून कोषात गेल्या होत्या, आणि बरणीच्या तळाशी पांढरा चुरा पडला होता.

"हे काय आहे?" अम्मींनी विचारले.

"प्लास्टिकचा चुरा."

"मग खाल्लं किती आणि सांडलं किती?"

तो गप्प बसला. बरणी रात्रभर फ्रीजरमध्ये गेली. चुरा आणि भोके पडलेली पट्टी त्याने दोन वेगवेगळ्या कागदी पुड्यांत बांधून ठेवली आहे. पट्टीचे आधीचे वजन त्याने लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून त्याच पिशवीतून तेवढ्याच मापाची दुसरी पट्टी कापून घेतली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला बारीक काटा शनिवारी मिळणार आहे.